रक्त आलं की आईचा फोन येतो
ऊसतोड कुटुंबातल्या सात वर्षांच्या मुलाचं प्रकरण

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जिल्हा परिषद शाळेतले एक शिक्षक मोटारसायकलवर पुढे मुलगा, मागे त्याची आजी असे तिघं बसून तालुक्याला आले. बाह्यरुग्ण विभागात गर्दी होती. मुलगा सात वर्षांचा, दुसरीतला. उजव्या मनगटावर चावल्याचे अर्धगोल व्रण, काही जुने, काही ताजे. कपाळावर टेंगूळ. गुडघ्यावर एक जखम, महिनाभर खपली धरायची आणि हा ती काढायचा, म्हणून चिघळलेली.

सर म्हणाले, "मॅडम, हा स्वतःला मारून घेतो. भिंतीवर डोकं आपटतो. मी ओरडलो, समजावलं, एकदा कोपऱ्यात उभं केलं. काही उपयोग नाही."

आजींचं म्हणणं वेगळं. "बाहेरचं हाय काहीतरी. अंगारा लावला, उतारा टाकला. लेकरू आधी असं नव्हतं." गावातलं तिसरं मत त्यांनीच हळू आवाजात सांगितलं: आईवेगळं पोरगं नाटकं करतंय.

(ओळख पटू नये म्हणून गाव, घरातली माणसं आणि काही तारखा बदलल्या आहेत, आणि एका ठिकाणी दुसऱ्या मुलाची हकिकत यात मिसळली आहे. मुलाला इथे नाव दिलेलं नाही.)

'आईवेगळं' हा शब्द तसा चुकीचा. आई होती, फक्त तिथे नव्हती. घर बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. जमीन दीड एकर, तीही कोरडवाहू. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारी एक जोडी. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, त्यामुळे दिवाळी झाली की टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या हद्दीत जायचं, कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहायचं, आणि साधारण गुढीपाडव्याच्या आसपास पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत यायचं. गेल्या वर्षापर्यंत हा मुलगा त्यांच्याबरोबर फडावर जायचा. यंदा पहिल्यांदाच त्याला मागे ठेवलं होतं, कारण त्याची शाळा बुडू नये. शाळेत हंगामी वसतिगृह सुरू होतं. सकाळ-संध्याकाळ जेवण तिथे, झोपायला आजीकडे.

म्हणजे आईबापांनी नेमकं तेच केलं होतं जे आम्ही सगळे त्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. असं प्रकरण ऐकलं की पहिलं बोट आईकडे जातं.

आधी शरीर तपासलं. लहान मूल स्वतःला इजा करतं तेव्हा मनाकडे वळण्याआधी दात, कान, पोट बघायचं, हा माझा ठरलेला क्रम. बोलता न येणाऱ्या मुलांमध्ये कान फुटलेला असणं, दाढ किडलेली असणं, साधी बद्धकोष्ठता असणं यामुळे डोकं आपटणं सुरू होतं आणि उपचार झाले की थांबतं. याच्या खालच्या एका दाढेला कीड होती; दंतचिकित्सकाकडे पाठवलं. कान स्वच्छ. दृष्टी ठीक. बोलणं, खेळणं, डोळ्याला डोळा भिडवणं वयाला साजेसं, म्हणजे स्वमग्नतेची शंका नव्हती. अंगावर इतरत्र, विशेषतः स्वतःचा हात पोचणार नाही अशा जागी, वळ किंवा व्रण नव्हते. आजी आणि सर बाहेर असताना त्याच्याशी वेगळं बोलले: कोणी मारतं का, कोणी नको तिथे हात लावतं का, कोणाची भीती वाटते का. हा प्रश्न टाळता येत नाही. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं, नुसती शंका आली तरी पोक्सो या बालसंरक्षण कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. इथे तसं काही निघालं नाही.

एक गोष्ट पालक नेहमी विचारतात म्हणून सांगते. दीड-दोन वर्षांचं बाळ झोपताना उशीवर किंवा पाळण्याच्या कठड्यावर तालात डोकं आपटतं, ते वेगळं. चांगल्या वाढीच्या बऱ्याच बाळांमध्ये ते दिसतं, सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास सुरू होतं आणि बहुधा तीन-चार वर्षांपर्यंत आपोआप जातं. सात वर्षांचा मुलगा दिवसाढवळ्या वर्गात भिंतीवर डोकं आपटतो ते त्यातलं नाही. आणि 'एवढी लहान लेकरं असं करत नसतात' हेही खरं नाही. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६६५ मुलांशी बोलले होते. तिसरीतल्या मुलांपैकी ७.६ टक्क्यांनी कधी ना कधी स्वतःला मुद्दाम इजा केल्याचं सांगितलं. त्या लहान मुलांमध्ये स्वतःला मारून घेणं हा प्रकार जास्त होता.

माझी चूक

पहिल्या भेटीच्या शेवटी, बाहेर पंचवीस पेशंट बसलेले असताना, मी सरांना म्हणाले, "तो लक्ष वेधून घेण्यासाठी करतोय. दुर्लक्ष करा. आणि एक वही घाला."

वहीचा सल्ला बरोबर होता. दुर्लक्षाचा सल्ला मी सवयीने दिला. पुस्तकात तो आहे, पण त्याच्या आधी चार पानं असतात आणि ती मी गाळली. आठ दिवसांनी सरांचा फोन आला. मुलाने खिडकीच्या लोखंडी चौकटीवर डोकं आपटलं होतं, प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन टाके पडले होते. सर घाबरलेले होते आणि थोडे रागावलेलेही. त्यांचा राग रास्त होता.

जे करून आजवर काम होत होतं ते अचानक होईनासं झालं, तर माणूस ते सोडून देण्याआधी जोर वाढवून बघतो. टीव्हीचं रिमोट चालेना की आपण बटण जोरात दाबतोच. मुलाच्या बाबतीत जोर वाढणं म्हणजे टाके. त्याच्या हातात दुसरं काही न देता असलेलं साधन काढून घेतलं, तर हे होऊ शकतं. ते काम नेमकं कोणतं, हे तर मी विचारलंही नव्हतं.

वही

वहीत तीन रकाने आखायला सांगितले होते. आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, त्यानंतर लगेच काय झालं. ही पद्धत माझी नाही. एडवर्ड कार यांनी १९७७ मध्ये मांडलं की स्वतःला इजा करण्यामागे एकच कारण नसतं. कधी माणसं जवळ यावीत म्हणून, कधी नकोशा कामातून सुटका व्हावी म्हणून, कधी शरीरालाच त्यातून काही मिळतं म्हणून, तर कधी मुळात आजारच असतो म्हणून. १९८२ मध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी ते प्रत्यक्ष तपासण्याची रीत घालून दिली. त्यांच्या अभ्यासातली मुलं विकासात्मक अपंगत्व असलेली होती, माझा पेशंट तसा नव्हता, त्यामुळे त्यांची रीत जशीच्या तशी इथे लावली नाही. पण 'नंतर काय झालं' हा रकाना मात्र कोणत्याही मुलाला लागू पडतो.

सरांची वही टापटीप होती. पहिल्या रकान्यात बरेचदा 'कारण नाही' असं लिहिलेलं. कधी 'गणिताचा तास', कधी 'मधली सुट्टी', तीनदा 'दिवेलागण, आजीकडे'. काही सूत्र लागेना. मग मी तिसरा रकाना वरून खाली वाचला.

हाताला हळद लावली, आईला फोन लावून दिला.
रडत होता, आईशी बोलणं करून दिलं.
आजीने माझ्याकडे आणलं, फोन लावला, उचलला नाही, रात्री परत लावला.
फोन लावून दिला.
फोन.

मी विचारलं, "सर, एरवी फोन कधी लावता?"

"एरवी कशाला लावू मॅडम? ती फडात असते बिचारी, ऊस तोडू का फोन घेऊ. काही झालं तरच लावतो."

एवढं बोलून सर थांबले. मला पुढे काही म्हणावं लागलं नाही.

आजींकडे साधा फोन होता, पण त्यांना नंबर लावता येत नव्हता आणि रिचार्ज संपलेलं होतं. गावात त्या मुलाला आईचा आवाज ऐकण्याची एकच वाट होती आणि ती त्याच्या मनगटावरून जात होती. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं आणि त्याने ठरवूनही केलं नव्हतं. नोव्हेंबरात एकदा खेळताना पडून गुडघा फुटला, सरांनी काळजीने फोन लावला, आई फोनवर रडली, 'माझ्या बाळा' म्हणाली. ती खपली तो पुढे महिनाभर काढत राहिला.

मग हे नाटक का? नाही. भूक लागल्यावर रडणाऱ्या बाळाला आपण नाटकी म्हणत नाही. इजा खरी, दुखणं खरं, आठवणही खरी. वागण्याचा काही उपयोग होतो याचा अर्थ ते खोटं आहे असा होत नाही, आणि गावातलं हे तिसरं मत मला अंगाऱ्यापेक्षा जास्त घातक वाटतं. अंगारा लावणारी आजी निदान त्याला जवळ घेते.

'गेले'

दुसऱ्या भेटीत तो जमिनीवर बसून खडूने ट्रक काढत होता. ट्रकच्या टपावर माणसं. मी शेजारी बसले आणि विचारलं, "तुला कधी असं वाटतं का, की आपण मरून जावं?"

हा प्रश्न विचारायला मोठी माणसं कचरतात. विचारल्याने डोक्यात येईल असं वाटतं. विचारल्याने ते येत नाही. न विचारल्याने, जे आधीच आलेलं असतं ते मुलाला एकट्यालाच सांभाळावं लागतं. मात्र सात वर्षांच्या मुलाला साध्या शब्दांत, हातातलं काम चालू असताना विचारावं. समोर बसवून, डोळे रोखून नाही.

त्याने ट्रक काढणं थांबवलं नाही. "मी मेलो की आई येईल. आजोबा मेले तवा आली होती."

"आणि तेव्हा तू कुठे असशील?"

"घरीच. आईपाशी."

आदल्या हंगामात, जानेवारीत, आजोबा वारले होते. त्या वर्षी हा मुलगा योगायोगाने गावीच होता. गोवर झाला म्हणून पंधरा दिवसांसाठी आजीकडे आणून सोडला होता. आईवडील रात्रीतून आले आणि तेराव्यापर्यंत राहिले. ते तेरा दिवस तो आईच्या कुशीत झोपला. त्याच्या हिशेबात दोन आणि दोन चार झाले होते.

मरण म्हणजे काय हे मुलाला एकदम कळत नाही. मेलेलं परत येत नाही, मेल्यावर शरीराचं सगळं काम थांबतं, आणि प्रत्येक जण मरतो, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक मुलांना त्या पाच ते सात या वयात हळूहळू उमगतात, सगळ्या एकाच दिवशी नाही. मारिया नाज यांनी १९४८ मध्ये हंगेरीतल्या मुलांबद्दल लिहिलं होतं की पाचाच्या आतली मुलं मरणाकडे दूर जाण्यासारखं बघतात. आपली भाषा त्यात भर घालते. आजोबा गेले. आई गेली. एकच क्रियापद. आजोबा देवाघरी गेले, आई कारखान्यावर गेली, आणि पाडव्याला त्यातलं एकच परत येणार, हे मुलाला कोणी नीट सांगितलं होतं? आपण सोज्वळपणासाठी 'मेले' म्हणत नाही आणि मूल आपलं क्रियापद शब्दशः धरतं.

त्याला मरणाचा अर्थ कळलेला नव्हता म्हणून धोका कमी होता असं मात्र नाही. उलटंच. परत येता येत नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याला थांबवायला भीतीही नसते. त्याच दिवशी मी आजींना विचारलं, "फवारणीचं औषध कुठे असतं?" कपाशीवरचे दोन उरलेले डबे पत्र्याच्या खोलीत, खाटेखाली होते. सर संध्याकाळी स्वतः घरी गेले, डबे लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या चुलत्याकडे दिली. सगळ्या उपायांमध्ये हा सर्वांत पटकन झालेला आणि बहुधा सर्वांत मोलाचा. आपल्याकडे शेतकरी घरात हा प्रश्न मूल स्वतःला इजा करतंय असं कळल्याच्या पहिल्याच दिवशी विचारायला हवा, मूल कितीही लहान असो. सरांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हे दोन्ही नंबर दिले. रात्री-अपरात्री मी फोन उचलीनच याची खात्री नव्हती.

मरणाबद्दल त्याच्याशी सरच बोलले, मी नाही. त्यांनी आजीच्या मेलेल्या शेळीची आठवण काढली. ती हलत होती का? नाही. तिला भूक लागत होती का? नाही. परत आली का? बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "म्हंजे आजोबा पाडव्याला येणार न्हाईत." मग तो रडला. आजोबांसाठी, सर म्हणाले, तो पहिल्यांदाच रडला.

फोन दहा वाजता

मांडणी सोपी होती: आईचा फोन आणि जखम यांची गाठ सोडवायची. फोन रोज येईल, ठरलेल्या वेळी, काही झालं असो वा नसो.

कागदावर सोपी. प्रत्यक्षात ऊसतोडीच्या बाईला ठरलेली वेळ असते का? टोळी पहाटे अंधारात फडात शिरते, गाडी भरायला रात्री कधीही जावं लागतं. फोन नवऱ्याकडे, चार्जिंग मुकादमाच्या मर्जीवर. पहिल्यांदा संध्याकाळी सातची वेळ ठरवली आणि चार दिवसांत तीन वेळा हुकली. शेवटी आईनेच मार्ग काढला. दहाच्या सुमारास न्याहारीला हात थांबतात, भाकरी खाताना ती बोलेल. शाळेचा परिपाठ त्याच वेळी. मुलगा परिपाठातली प्रार्थना संपली की सरांच्या खुर्चीजवळ उभा राहायचा. तीन-चार मिनिटं. फोन न लागल्यास आदल्या रात्री आईने पाठवलेला व्हॉइस मेसेज.

आईने काय बोलायचं यावरही बोलणं झालं. ती दर वेळी म्हणायची, "उद्या येते हं." तो दुसऱ्या दिवशी फाट्यावर जाऊन बसायचा. खरं सांगा, मी म्हटलं. "होळी होईल, मग पाडवा येईल, मग मी येईन." भिंतीवरच्या कालनिर्णयवर आजीने पाडव्याच्या चौकोनाला कुंकू लावलं आणि तो रोज एक दिवस खोडू लागला.

वडिलांशी पहिलं बोलणं चांगलं झालं नाही. "मी येऊन एकदा चांगला बडवतो, मग बघा कसा सरळ होतो." आणि थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात, "आम्ही न्हाई आलो तर उचल कोण फेडणार मॅडम?" त्यांना वाटलं होतं की मी त्यांना परत बोलावतेय. तसं नाही, एवढं समजल्यावर रोज दहाला फोन चार्ज असेल याची जबाबदारी त्यांनीच घेतली.

त्याने इजा केलीच तर काय? ओरडायचं नाही, प्रवचन नाही, वर्गासमोर चर्चा नाही. जखम धुवायची, शांतपणे जवळ बसायचं, आणि त्या कारणाने फोन लावायचा नाही. दहाचा फोन मात्र कोणत्याही कारणाने रद्द करायचा नाही, शिक्षा म्हणून तर मुळीच नाही. शिवाय चावण्याच्या जागी शब्द द्यायचे. "सर, आठवण येतीय." हे तीन शब्दांचं वाक्य त्याला येत नव्हतं असं नाही, ते बोलून काही मिळतं याचा अनुभव नव्हता. तो असं म्हणाला की सर, तास चालू असला तरी, व्हॉइस मेसेज ऐकवायचे. पहिल्या दिवशी त्याने अकरा वेळा मागितला. सर वैतागून मला म्हणाले, "हे तर नवीनच खूळ." अकरा वेळा बोलला, एकदाही चावला नाही, मी म्हटलं.

दिवेलागणीची वेळ अवघड राहिली. त्यावरचा उपाय आमच्या डोक्यातून आला नाही. आजी त्याला मारुतीच्या देवळात हरिपाठाला घेऊन जायला लागल्या आणि तिथल्या एका बुवांनी त्याच्या हातात टाळ दिले. हात गुंतले, तोंडात अभंग, आजूबाजूला माणसं.

सगळं सरळ उतरत गेलं असं नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इजा करण्याचा प्रकार वाढला. संक्रांतीला टोळी दुसऱ्या गावी हलली, दोन दिवस नेटवर्क नव्हतं, आणि मनगटावर पुन्हा दात उमटले. फेब्रुवारीत आठवड्याला एखाद-दुसरी नोंद. होळीनंतर वहीत सलग सतरा दिवस काही नाही. गुडघा भरला. दाढही भरली, आणि ती दुखत असे तेव्हा तो गालावर मारून घेत असे हे दाढ भरल्यावर आमच्या लक्षात आलं. वहीतल्या तीन-चार 'कारण नाही' नोंदींचं उत्तर तिथे होतं.

आईवडील पाडव्यानंतर पाच दिवसांनी आले. ते पाच दिवस फार वाईट गेले. कुंकवाचा चौकोन उलटून गेला होता. पुढच्या वर्षी चौकोन एकच नको, 'इथून इथपर्यंत कधीतरी' असा पट्टा रंगवायचा, ही सूचना सरांची.

मे महिन्यात सरांची बदली झाली. मुलाला हे आधी सांगितलं, नवीन शिक्षकांना घेऊन ते एकदा त्याच्या घरी गेले, आणि वही त्यांच्या हवाली केली. पहिल्या पानावर त्यांनी लाल शाईत लिहिलं होतं: दिवाळीनंतर फोन रोज दहा वाजता, रडला तरी, न रडला तरी. खाली आईचा नंबर, आणि तो लागला नाही तर मुकादमाचा.